पातळ, देखणा अल्ट्रापोर्टेबल लॅपटॉप: घ्यायच्या आधीपासून पहिल्या महिन्यापर्यंत काय, कुठल्या क्रमाने करायचं

ओळखीतल्या कोणी नवीन पातळ लॅपटॉप घेतला की दोन-तीन आठवड्यांनी मला फोन येतोच आणि प्रश्न दरवेळी तेच, रॅम वाढवता येईल का, बाहेरचा मॉनिटर का लागत नाहीये, बॅगेत ठेवलेला लॅपटॉप एवढा तापला कसा, बॅटरी सांगितल्याच्या निम्मीच कशी चालते. यातले शेवटचे दोन सुटतात. पहिल्या दोघांवर तेव्हा बहुतेक वेळा काहीच करता येत नाही, कारण ते घ्यायच्या आधी विचारायचे होते.

जाडजूड लॅपटॉपमध्ये काही चुकलं तर मागचं झाकण उघडून रॅम टाका, डिस्क बदला, बॅटरी बदला, असं चालून जायचं. दीड सेंटीमीटरच्या बॉडीत तेवढी जागाच नसते, बरंचसं सामान बोर्डाला सोल्डर केलेलं, म्हणजे कायमचं जोडलेलं असतं, त्यामुळे घेताना झालेली चूक पुढची चार-पाच वर्षं सोबत राहते. लोक आधी रंग-रूप बघतात, मग प्रोसेसरचं नाव, मग पैसे देतात आणि पोर्ट घरी जाऊन मोजतात. खाली हाच क्रम उलटा केलाय.

१. आधी जुन्या मशीनवर स्वतःचा वापर बघा

दुकानात जायच्या आधी एक आठवडा द्या. फार काही करायचं नाहीये. सध्या जो कॉम्प्युटर वापरताय त्यावर तुमचं सगळ्यात गडबडीचं काम चालू असताना, म्हणजे ब्राउझरमध्ये वीस-तीस टॅब, एक व्हिडिओ कॉल, एक्सेल आणि बाकी जे काय असेल ते सगळं उघडं असताना, टास्क मॅनेजर उघडून मेमरी किती भरलीये ते बघा, मॅक असेल तर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरी प्रेशरचा आलेख हिरवा आहे की पिवळा ते बघा. असं तीन-चार वेळा करा आणि सगळ्यात मोठा आकडा कागदावर लिहा.

त्याच कागदावर दुसरी यादी करा: मशीनला आठवडाभरात काय काय जोडलं. पेनड्राइव्ह, मॉनिटर, प्रोजेक्टर, कॅमेऱ्याचं कार्ड, इंटरनेटची वायर, हेडफोन. आणि तिसरी यादी अडेलतट्टू सॉफ्टवेअरची, म्हणजे ऑफिसचं व्हीपीएन, जुना प्रिंटर किंवा स्कॅनर, सहीसाठीचं यूएसबी टोकन, कुठलं तरी दहा वर्षांपूर्वीचं प्रोग्रॅम ज्याच्याशिवाय काम अडतं. ही तिसरी यादी लोक करतच नाहीत आणि नंतर सगळ्यात जास्त तीच छळते.

२. जे नंतर बदलणार नाही ते पहिलं ठरवा

रॅमपासून, म्हणजे वर मोजली त्या मेमरीपासून सुरुवात करा, आधी लगीन रॅमचं. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुतेक वेळा एलपीडीडीआर नावाच्या कमी वीज खाणाऱ्या प्रकारची, बोर्डावर सोल्डर केलेली असते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये बसवलेली आहे, १६ जीबी किंवा ३२ जीबी, तिसरा पर्याय नाही. ॲपलच्या एम मालिकेच्या चिप्सचंही तसंच, मेमरी चिपसोबतच येते. वर ग्राफिक्ससाठी वेगळी मेमरी नसते, तीही याच रॅममधून हिस्सा घेते.

मग किती घ्यायची? कागदावरच्या मोठ्या आकड्यावर निदान ३० ते ४० टक्के मोकळी जागा राहील एवढी. माझ्या मते आज ८ जीबीचा नवीन लॅपटॉप घेणं म्हणजे जुनाच लॅपटॉप नव्या खोक्यात घेणं. साधं ऑफिसचं, अभ्यासाचं, ब्राउझरचं काम असेल तर १६ पुरते. व्हर्च्युअल मशीन, मोठे फोटो, व्हिडिओ एडिटिंग असेल तर ३२.

तपासा: डेमो मशीन विंडोजचं असेल तर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर फॉर्म फॅक्टर बघा. तिथे 'रो ऑफ चिप्स' असं इंग्रजीत दिसलं तर रॅम सोल्डर केलेली आहे. 'एसओडिम' दिसलं तर स्लॉट आहे, बदलता येईल. विक्रेता 'वाढवून देतो ना साहेब' म्हणाला तरी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

स्टोरेजचं एवढं टेन्शन नाही, कारण विंडोजच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये एसएसडी एम.२ प्रकारची, स्क्रू काढून बदलता येणारी असते. फक्त लांबी बघून घ्या. २२८०, २२४२, २२३० असे आकडे असतात, पहिले दोन अंक म्हणजे २२ मिलिमीटर रुंदी आणि पुढचे म्हणजे लांबी, ८०, ४२ किंवा ३०. छोट्या जागेत मोठी बसत नाही, एवढं साधं आहे पण चुकीची मागवलेली एसएसडी परत करणारे मी पाहिलेत. मॅकबुक एअरमध्ये मात्र स्टोरेज बोर्डावरच आहे, तिथे पहिल्याच दिवशी हवी तेवढी घ्या. आणि ५१२ जीबी घेतलं आणि विंडोजने ४७६ दाखवलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, कोणी चोरलेलं नाहीये.

प्रोसेसरच्या बाबतीत नावापेक्षा शेपटाकडे बघा. इंटेल आणि एएमडीमध्ये शेवटी यू असेल तर साधारण कमी वीज खाणारा, एच किंवा एचएस असेल तर जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा. पातळ बॉडीत एच दिसला की लोक खूश होतात, मी जरा सावध होतो, कारण उष्णता बाहेर काढायला जागा नसेल तर तोच प्रोसेसर पाच-दहा मिनिटांनी स्वतःचा वेग कमी करतो आणि पंखा मात्र ओरडत राहतो. एकच चिप दोन वेगळ्या बॉडीत वेगवेगळी पळते हे लक्षात ठेवा. मॅकबुक एअरसारख्या मशीनमध्ये पंखाच नाही, एकदम शांत, छोट्या-छोट्या कामांना सुसाट, पण तासभर व्हिडिओ एक्सपोर्ट लावला की वेग खाली येतो. वाईट आहे असं नाही, तुमचं काम कुठलं त्यावर आहे. रिव्ह्यू वाचताना पहिल्या मिनिटाचा स्कोअर सोडून द्या, वीस-तीस मिनिटं सलग लोड दिल्यावर काय झालं ते शोधा.

जरा थांबा: स्नॅपड्रॅगन एक्स असलेला विंडोज लॅपटॉप आवडला असेल तर तिसरी यादी काढा. ही एआरएम प्रकारची, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या घडणीची चिप आहे. साधी जुनी सॉफ्टवेअर्स एम्युलेशनवर, म्हणजे मधल्या दुभाष्याच्या मदतीने बऱ्यापैकी चालतात, पण ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर-स्कॅनरसारखी यंत्रं चालवणारी छोटी सॉफ्टवेअर्स, तशी चालत नाहीत, ते एआरएमसाठीच बनवलेले लागतात. म्हणजे जुना स्कॅनर, टोकन, काही व्हीपीएन हे सगळं आधी विचारून घ्या. एक जरी गोष्ट अडत असेल तर तो लॅपटॉप कितीही सुंदर असो, सोडा.

३. पोर्ट: एकसारखी दिसणारी भोकं एकसारखी नसतात

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ही म्हण बहुधा यूएसबी-सीसाठीच जन्मली असावी. आकार एकच, पण आत काय आहे ते वेगळं. एखादं पोर्ट फक्त डेटा नेतं, एखादं चार्जही करतं, एखादं मॉनिटरही चालवतं, एखादं हे सगळं करून वर ४० गिगाबिटच्या वेगाने धावतं. डाव्या बाजूचं पोर्ट मॉनिटर चालवतं आणि उजव्या बाजूचं नाही, असंही असतं.

म्हणून स्पेसिफिकेशनच्या पानावर प्रत्येक पोर्टसमोर तीन गोष्टी शोधा. एक, पॉवर डिलिव्हरी, म्हणजे यातून चार्ज होतो का. दोन, डिस्प्लेपोर्ट, म्हणजे यातून मॉनिटर चालतो का. तीन, वेग, ५, १०, २० की ४० गिगाबिट. पोर्टच्या बाजूला छोटा विजेचा बाण कोरलेला असेल तर बहुतेक थंडरबोल्ट, म्हणजे यूएसबी-सीच्याच आकाराचं जास्त ताकदीचं पोर्ट असतं आणि थंडरबोल्ट ४ असेल तर डेटा आणि मॉनिटर दोन्हींची काळजी मिटली. काहीच खूण नसेल तर गृहीत धरू नका.

आता वायर. चार्जिंगची यूएसबी-सी वायर दिसायला सारखीच, पण साधी वायर ६० वॉटपर्यंतच नेते, १०० वॉट किंवा त्यापुढे न्यायला आत एक ओळख सांगणारी चिप लागते. फोनसोबत आलेली बरीच वायर डेटाच्या बाबतीत जुन्या यूएसबी २ च्याच वेगाची असते आणि तिच्यातून मॉनिटर चालत नाही. लॅपटॉप खराब आहे म्हणून परत न्यायला निघालेल्या एका मित्राचा प्रॉब्लेम मी वायर बदलून सोडवला, त्याने मला जेवायला घालायचं कबूल केलेलं, ते अजून बाकी आहे.

हब, म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा डबा घेणार असाल तर त्यावरचा एचडीएमआय कुठल्या क्षमतेचा ते बघा. स्वस्तातल्या हबमध्ये ४के मॉनिटर ३० हर्ट्झवरच चालतो, माउस हलवला की कर्सर उड्या मारतोय असं वाटतं आणि लोक लॅपटॉपला शिव्या घालतात. ४के ६० हर्ट्झ असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या, आणि लॅपटॉपचं पोर्टही तेवढं देतं ना ते बघा. हबमधून चार्जिंग करणार असाल तर हब स्वतःसाठी थोडी वीज ठेवून घेतो, ६५ वॉटचा चार्जर लावला तरी लॅपटॉपपर्यंत पूर्ण ६५ पोचत नाहीत.

दोन मॉनिटर लावायचेत? मग मॉडेलनुसार नीट बघा. मॅकबुक एअर एम१ आणि एम२ अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर चालवतात, एम३ दोन चालवतो पण लॅपटॉपचं झाकण बंद असताना, एम४ झाकण उघडं असतानाही दोन चालवतो. सेकंडहँड घेणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते.

तपासा: कागदावरची दुसरी यादी काढा आणि प्रत्येक वस्तू कुठल्या भोकात जाणार ते लिहा, चार्जर लावलेला असताना. दोनच पोर्ट असतील तर चार्जरने एक खाल्लं, उरलं एक. हेडफोनचं गोल भोकही मोजा, काही फार पातळ मॉडेल्समध्ये तेही नसतं.

४. स्क्रीन

इथे मी फार वेळ घेणार नाही. १६:१० आकाराची स्क्रीन घ्या, १९२० बाय १०८० ऐवजी १९२० बाय १२०० म्हणजे उभ्यात पिक्सेलच्या १२० ओळी जास्त, वाचायला-लिहायला तेवढा फरक जाणवतो. उजेड निट्समध्ये मोजतात, ३०० च्या खाली नको, खिडकीजवळ किंवा बाहेर बसून काम असेल तर ४०० किंवा जास्त. रंगांच्या ठिकाणी '४५ टक्के एनटीएससी' असं दिसलं तर रंग फिके असणार, '१०० टक्के एसआरजीबी' असं शोधा. चौदा इंचात ४के घेऊन डोळ्यांना फारसा फायदा होत नाही, बॅटरी मात्र नक्की जाते.

ओएलईडी प्रकारची स्क्रीन दिसायला भारी असते, काळा रंग खरोखर काळा. पण पांढऱ्या पानांवर, म्हणजे वर्ड, ईमेल, ब्राउझर यात ती जास्त वीज खाते आणि कमी उजेडावर काही जणांचं डोकं दुखतं कारण उजेड कमी करायला ती सूक्ष्म वेगाने लुकलुकते. तुम्हाला त्रास होतो का हे दुकानातल्या झगमगाटात कळणार नाही, डेमोवर ब्राइटनेस पाव भागावर आणा, आणि दहा मिनिटं काहीतरी वाचा.

५. हातात घेऊन बघायची वेळ

आता कुठे रूप बघायचं. आधी वजन, आणि लॅपटॉप अधिक चार्जर असं मिळून. सव्वा किलोच्या लॅपटॉपसोबत तीनशे-चारशे ग्रॅमची वीट फिरवायची असेल तर हलकेपणाचा काय उपयोग. यूएसबी-सीने चार्ज होणारा असेल तर पुढे गॅन प्रकारचा छोटा, हलका चार्जर घेता येतो.

झाकण एका बोटाने उघडून बघा, खालचा भाग वर उचलला जायला नको. मग स्क्रीनला हलकं टिचकी मारा, किती वेळ डुलते ते बघा. कीबोर्डच्या मधोमध दाबून बघा. मॅग्नेशियमची बॉडी ॲल्युमिनियमपेक्षा हलकी असते आणि हाताला जरा प्लॅस्टिकसारखी लागते, थोडी लवतेही, म्हणून ती तकलादू ठरत नाही, हा गैरसमज फार आहे.

मग टाइप करा. दोन शब्द नाही, नीट दहा मिनिटं, एखादं पत्र लिहितोय असं. पातळ बॉडीत की खाली जायला एक-दीड मिलिमीटरच जागा असते, काहींना ते आवडतं, काहींची बोटं संध्याकाळी दुखतात. बाणांच्या कीज किती बारीक आहेत बघा. पॉवरचं बटण डिलीटच्या शेजारी आहे का बघा, कारण सवय होईपर्यंत चुकून ते दाबलं जातं. वरच्या एफ१, एफ२ वाल्या ओळीत खऱ्या कीज आहेत की नुसती टचची पट्टी, हेही. पट्टी दिसायला छान दिसते पण न बघता एस्केप दाबायची सवय असेल तर चिडचिड होते, मला तरी झाली. तळहात टेकतात ती कड टोचत नाही ना, तेवढंही बघून घ्या, आठ तास टेकायचेत.

आणि मांडीवर ठेवून बघा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे. हवा आत घेणाऱ्या जाळ्या खालच्या बाजूला असतील तर गादीवर किंवा उशीवर ठेवून काम करणाऱ्यांनी हे मॉडेल दोनदा विचार करून घ्यावं.

६. बॅटरीचा हिशोब स्वतः मांडा

'१८ तास' असं जे लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा कमी उजेडावर एकच व्हिडिओ चालवून मोजलेलं असतं. त्याऐवजी वॉट-अवरचा, म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज मावते त्याचा आकडा घ्या. फक्त मिलीॲम्पिअर-अवर दिलं असेल तर त्याला १००० ने भागून व्होल्टेजने गुणा. समजा ५४ वॉट-अवर आहे. ब्राउझर, डॉक्युमेंट, मध्यम ब्राइटनेस यात मशीन सरासरी ९ वॉट खात असेल तर ५४ भागिले ९, सहा तास. व्हिडिओ कॉलवर १५ वॉट धरले तर साडेतीन तासांच्या आसपास. तुमच्या मशीनचा खरा आकडा थोडा इकडे-तिकडे असेल, पण असा हिशोब मांडला की जाहिरातीतले तास वाचून हरखून जायला होत नाही.

विमानाने फिरणाऱ्यांसाठी एक, साधारणपणे १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी विशेष परवानगीशिवाय नेता येते आणि पातळ लॅपटॉप यात आरामात बसतात. पॉवर बँक मात्र केबिनच्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये नाही.

७. बॉक्स उघडल्यापासूनचे पहिले काही तास

इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात. बॉक्स उघडला, जुना सगळा डेटा कॉपी केला, पन्नास सॉफ्टवेअर टाकली आणि चौथ्या दिवशी स्क्रीनवर एक हिरवा ठिपका दिसला. आता परत करायचा तर सगळं पुसा, पुन्हा करा. म्हणून आधी तपासणी, डेटा सगळ्यात शेवटी. क्रम असा ठेवा.

पहिलं, बॉक्स उघडताना फोनवर व्हिडिओ काढा, बॉक्सवरचा आणि लॅपटॉपच्या खालचा सिरियल नंबर जुळतो ते बघा. परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं आणि आतले पुठ्ठे फेकू नका.

दुसरं, चार्जर लावा, सेटअप पूर्ण करा आणि काहीही इन्स्टॉल न करता अपडेट चालवा. रीस्टार्ट, परत अपडेट, परत रीस्टार्ट, 'काही बाकी नाही' असं म्हणेपर्यंत. या काळात मशीन तापेल, पंखा ओरडेल, बॅटरी भराभर उतरेल. यावरून मत बनवू नका, मागे बरीच कामं चालू असतात, एक-दोन दिवसांनी शांत होतं.

तिसरं, आणि याला तारांकित समजा: रिकव्हरी की. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केला की बऱ्याच मशीनवर डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाला कुलूप, आपोआप चालू होतं, विचारतही नाही. नंतर कधी बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट झाला किंवा बोर्ड बदलला तर चालू होताना ४८ अंकी की मागतो, आणि ती नसेल तर डेटा गेला, कोणीही परत आणू शकत नाही. तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती की दिसते का ते आत्ता बघा आणि कागदावर उतरवून लॅपटॉपपासून लांब ठेवा. लॅपटॉपच्याच बॅगेत नाही, हेही सांगावं लागतं. मॅकवर फाइलव्हॉल्ट, म्हणजे असंच एन्क्रिप्शन, चालू केलं तर त्याच्या कीचंही हेच.

जरा थांबा: की हातात आल्याशिवाय बायोस अपडेट करू नका. आणि करताना चार्जर लावलेला, झाकण उघडं, स्क्रीन काळी झाली तरी पॉवर बटणाला हात नाही.

चौथं, जे घेतलं तेच आलंय ना ते सेटिंगमध्ये जाऊन बघा. रॅम, एसएसडी, प्रोसेसर, स्क्रीनचं रिझोल्यूशन. एकाच नावाच्या मॉडेलचे आठ-दहा प्रकार असतात, अदलाबदल होते.

पाचवं, स्क्रीन. एकेक रंगाची चित्रं पूर्ण स्क्रीनवर लावा: काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा. खोलीत अंधार करून काळ्या चित्रावर कडेने उजेड गळतोय का बघा. थोडा उजेड एलसीडीत असतोच, ढगासारखे मोठे डाग नकोत.

सहावं, प्रत्येक पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावून बघा, आणि स्पेसिफिकेशनमध्ये ज्या पोर्टना चार्जिंग किंवा मॉनिटर लिहिलंय त्या प्रत्येकात चार्जर आणि मॉनिटर. मग कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर, बोटाचा ठसा, प्रत्येक की. कंटाळा येतो पण वीस मिनिटांचं काम आहे.

सातवं, बॅटरीची पहिल्या दिवसाची नोंद. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा, ती एक फाइल बनवून देते. त्यात मूळ क्षमता आणि सध्या पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे असतात, नव्या मशीनमध्ये ते जवळजवळ सारखे हवेत. सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून झाली तो आकडा, शंभर दिसला तर तो लॅपटॉप नवीन नाही. मॅकवर हे आकडे सिस्टिम रिपोर्टमध्ये पॉवरच्या खाली मिळतात.

हे सगळं पास झालं की मग जुना डेटा आणा.

८. झाकण बंद केलं म्हणजे झोपला असं नाही

आता तो बॅगेत तापणारा लॅपटॉप. हा माझ्यासोबतच झालाय. रात्री झाकण लावून बॅगेत टाकला, सकाळी बाहेर काढला तर हात लावता येत नव्हता आणि ८० टक्क्यांची बॅटरी ११ वर आलेली. मला वाटलं मशीनच खराब. तसं नव्हतं. आजकालचे बरेच विंडोज लॅपटॉप झाकण लावल्यावर पूर्ण झोपत नाहीत, फोनसारखे अर्धवट जागे राहतात, मेल आणतात, कधी अपडेटही सुरू करतात, आणि बंद बॅगेत ती उष्णता जायला जागा नसते.

कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जा, झाकण बंद केल्यावर काय करायचं ते निवडायची जागा आहे. तिथे बॅटरीवर असताना हायबरनेट करा, म्हणजे उघडं काम डिस्कवर साठवून मशीन पूर्ण बंद होतं. यादीत हायबरनेट दिसत नसेल तर त्याच पानावर सध्या उपलब्ध नसलेले पर्याय बदलायची लिंक आहे, ती दाबून शटडाउन सेटिंग्जखाली टिक करा. जागं व्हायला काही सेकंद जास्त लागतात, पण बॅगेत भट्टी पेटत नाही.

एक उपप्रकरण: काहीतरी बिघडलं की लोक शटडाउन करून परत चालू करतात आणि म्हणतात फरक पडला नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये सिस्टिमचा काही भाग डिस्कवर साठवून ठेवलेला असतो आणि तोच परत उघडतो. खरं ताजंतवानं करायचं तर रीस्टार्ट.

९. रोजची हाताळणी

लॅपटॉप सतत प्लगला असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय शोधून चालू करा. शंभर टक्के भरलेली आणि वरून गरम, या दोन गोष्टी मिळून लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते. प्रवासाच्या आदल्या रात्री बंद करा, बास. रोज शून्यापर्यंत उतरवायची जुनी सवय मात्र सोडा, तिचा या बॅटऱ्यांना फायदा नाही, तोटाच आहे.

स्क्रीन आणि कीबोर्ड यांच्यात जेमतेम कागदाएवढी फट असते. कॅमेऱ्यावर चिकटवायचं ते सरकतं झाकण, कीबोर्डवरचं सिलिकॉनचं कव्हर, विसरलेला इअरबड, यातलं काहीही आत राहून झाकण दाबलं गेलं तर स्क्रीनला तडा जाऊ शकतो. ॲपलने तर सरळ सांगितलंय की कॅमेऱ्यावरचं कव्हर साध्या छपाईच्या कागदापेक्षा, म्हणजे ०.१ मिलिमीटरपेक्षा जाड नको. सिलिकॉन कव्हर आवडत असेल तर झाकण लावताना काढून ठेवा. आणि स्क्रीनचा कोपरा धरून लॅपटॉप उचलू नका, ओपन लॅपटॉप नेहमी खालून दोन्ही हातांनी. ठासून भरलेल्या बॅगेत चार्जर लॅपटॉपच्या पाठीवर दाबून ठेवला तर काही दिवसांनी स्क्रीनवर गोल पांढरट डाग येतात, ते जात नाहीत.

पुसताना आधी बंद करा. फवारा कापडावर, स्क्रीनवर नाही. काचेसाठीचं अमोनियावालं लिक्विड तर अजिबात नको.

पाणी सांडलं तर: चार्जर काढा, पॉवर बटण दाबून धरून लगेच बंद करा, उघड्या तंबूसारखा पालथा ठेवा म्हणजे पाणी आतल्या बाजूला न जाता खाली गळेल. हेअर ड्रायर नको, तांदळाच्या डब्यात ठेवू नका, आणि 'चालू होतोय का बघू' म्हणून मध्येच बटण दाबू नका, बोर्ड जळतो तो तेव्हाच. उघडून साफ करणाऱ्याकडे जितक्या लवकर न्याल तितकं बरं, वरून सुकला तरी.

१०. महिन्याभराने आणि पुढे

परत करायची मुदत संपायच्या दोन दिवस आधीचा रिमाइंडर फोनमध्ये पहिल्याच दिवशी लावून ठेवा. त्या दिवशी तिन्ही याद्या परत काढा, जे जे जोडायचं होतं ते जोडून झालं का, जे सॉफ्टवेअर चालायला हवं होतं ते चाललं का. काही राहिलं असेल तर त्याच दिवशी करून बघा, 'नंतर बघू' म्हटलं की मुदत गेली.

बॅटरी रिपोर्ट सहा महिन्यांनी परत काढा आणि पहिल्या दिवसाच्या फाइलशेजारी ठेवा. वर्षभरात काही टक्के कमी होणं नॉर्मल आहे. वॉरंटी चालू असतानाच आकडा एकदम खाली आला असेल तर या दोन फाइली दाखवून बोलता येतं, नुसतं 'लवकर उतरते हो' म्हणून कोणी ऐकत नाही.

आणि ट्रॅकपॅड क्लिक व्हायचा अचानक बंद झाला, किंवा टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगायला लागला, झाकण नीट बसेना, तर ट्रॅकपॅड दुरुस्तीला देण्याआधी खालची बाजू फुगलीये का ते बघा. पातळ लॅपटॉपमध्ये बॅटरी ट्रॅकपॅडच्या खाली किंवा अगदी शेजारी असते आणि फुगली की आधी तोच वर ढकलला जातो. असं दिसलं तर चार्जर काढा, बंद करा, दाबून सपाट करायला जाऊ नका, टोचायला तर मुळीच नाही, आणि बॅटरी बदलेपर्यंत परत चार्जिंगला लावू नका, डेटा घ्यायचा राहिलाय म्हणूनही नाही.